जन्माआधीचं हिमोग्लोबिन परत जागं करताना

जीन एडिटिंग म्हटलं की डोक्यात साधारण असं चित्र येतं की शास्त्रज्ञांनी डीएनएमधलं चुकलेलं अक्षर शोधलं, खोडलं, तिथे बरोबर अक्षर लिहिलं आणि पेशंट बरा झाला. सिकलसेल या जन्मजात रक्ताच्या आजारासाठी जगात सगळ्यात आधी मान्यता मिळालेलं क्रिस्परचं, म्हणजे डीएनए कापणाऱ्या तंत्राचं, औषध यातलं काहीच करत नाही. चुकलेलं अक्षर होतं तिथेच राहतं, त्याला कोणी हातही लावत नाही, आणि तरी पेशंटचं दुखणं थांबतं. हे कसं काय ते एकदा कळलं की या विषयातली निम्मी गाठ सुटते, म्हणून मी तेच नीट सांगायचा प्रयत्न करतोय. उरलेली निम्मी गाठ वेगळीच आहे आणि बातम्यांमध्ये तिच्याबद्दल फार कमी येतं, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी थोडं रक्ताबद्दल. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने गच्च भरलेली एक मऊ पिशवी, आणि हे हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं बनलेलं असतं, मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी कशी बनवायची त्याची माहिती ११ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या एका जीनमध्ये लिहिलेली असते. डीएनएच्या एका संचात साधारण ३ अब्ज अक्षरं, आणि सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त एक बदललेलं असतं, ए च्या जागी टी. मराठीत 'दिन' मधली वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झाली की दिवसाचा एकदम गरीब माणूस होतो, तसंच काहीसं. त्या एका अक्षरामुळे साखळीतला एक अमिनो आम्लाचा मणी बदलतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतो, आणि हा नवा मणी जरा चिकट निघतो. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवतात, त्या दोऱ्या पेशीला आतून ताणतात आणि गोल मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. हा आजार एका रेणूतल्या बिघाडाचा आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि तो बिघाड नेमका एकाच मण्याचा आहे हे त्यानंतर काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. म्हणजे कारण आपल्याला इतक्या आधीपासून माहीत होतं, उपाय यायला मात्र सत्तर वर्षं लागली.

विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि मग जे दुखतं त्याला पेन क्रायसिस म्हणतात. ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना शब्दांत सांगून कळेल असं मला वाटत नाही. हाडं, छाती, पाठ, कुठेही, तासन् तास, कधी कधी कित्येक दिवस. शिवाय या पेशी लवकर फुटतात, नेहमीची तांबडी पेशी १२० दिवस जगते तिथे ही जेमतेम १० ते २० दिवस, त्यामुळे रक्त सतत कमी.

बीटा थॅलेसेमिया हा त्याच जीनचा दुसरा आजार. तिथे साखळी वेडीवाकडी बनत नाही, ती कमी बनते किंवा बनतच नाही, आणि त्याला कारण ठरणारे बदल २०० हून जास्त प्रकारचे सापडलेत. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साठत जातात आणि तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, तयार होता होताच मरतात. मेजर म्हणजे तीव्र प्रकारात मुलाला दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि प्रत्येक बाटलीबरोबर शरीरात लोह जातं जे बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, मग ते लिव्हर आणि हृदयात साठू नये म्हणून आयुष्यभर दुसरी औषधं. दोन्ही आजारांत आई आणि बाबा दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे जीनच्या दोन कॉपींपैकी एक बिघडलेली असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची २५ टक्के शक्यता. स्वतः वाहक असलेली माणसं बहुतेक वेळा ठणठणीत असतात, त्यामुळे टेस्ट केल्याशिवाय पत्ता लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत, आणि त्यांनी अंदाज बांधला की पोटातल्या बाळाचं जे वेगळं हिमोग्लोबिन असतं तेच यांना वाचवत असावं. तो अंदाज बरोबर निघाला. आईच्या पोटात असताना आपण सगळेच वेगळं हिमोग्लोबिन वापरतो, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला ते जास्त चांगलं. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमा बंद करतं आणि बीटा सुरू करतं, म्हणून या दोन्ही आजारांची लक्षणं बाळ काही महिन्यांचं झाल्यावरच दिसायला लागतात. गॅमाचा जीन मात्र कुठे जात नाही, तो बीटाच्या शेजारीच, धडधाकट, फक्त कुलूप लावून ठेवलेला. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, की ज्या माणसाचं रक्त आयुष्यभर त्याला छळतं त्याच्याच रक्त बनवणाऱ्या पेशींत चालू शकेल असा दुसरा जीन पडून असतो.

काही लोकांमध्ये हे कुलूप जन्मतःच नीट लागत नाही, मोठेपणीही त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर बनत राहतं, आणि त्यांना काही त्रास होत नाही. अशा एखाद्याला सिकलसेलचे दोन्ही जीन असले तरी आजार खूप सौम्य राहतो. म्हणजे प्रयोग निसर्गानेच करून ठेवला होता. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी, जी १९९८ पासून अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्य आहे, तीसुद्धा गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं वाढवूनच काम करते, आणि जीन थेरपीच्या गर्दीत या साध्या गोळीला कोणी कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं, आजही जगातल्या बहुतेक पेशंटना मिळू शकणारा आधार तोच आहे.

प्रश्न होता की हे कुलूप लावतं कोण. २००७-०८ च्या सुमारास हजारो लोकांचा डीएनए आणि त्यांच्यातलं गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ताडून पाहिलं गेलं, त्यात इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे लोकही होते जिथे थॅलेसेमिया खूप आहे, आणि बोट सारखं एका जीनकडे जायला लागलं, बीसीएल११ए. लगेच २००८ मध्ये बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या टीमने दाखवलं की हाच तो, यानेच गॅमा दाबून ठेवलाय. मग हा जीनच तोडून टाकला तर काम झालं की! पण तसं करता येत नाही, कारण बीसीएल११ए मेंदूच्या वाढीत लागतो, रोगप्रतिकारक पेशींना लागतो, ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या मूळपेशींनाही लागतो. इथे २०१३ मधला एक शोध कामी आला. या जीनच्या आतच डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला जो फक्त तांबड्या पेशी बनवणाऱ्या वाटेवर जीनचा आवाज वाढवतो, बाकी ठिकाणी त्याचा काही संबंध नाही. समजा घराचा मेन स्विच न पाडता एकाच खोलीचा स्विच पाडायचा, तसं. तो तुकडा मोडला की तांबड्या पेशींच्या वाटेवर बीसीएल११ए ढिला पडतो, गॅमावरचं कुलूप सुटतं, आणि इतर पेशींत सगळं होतं तसं राहतं.

आणि मोडायला क्रिस्परइतकं चांगलं हत्यार नाही. हे मुळात बॅक्टेरियाचं शस्त्र, व्हायरसचा डीएनए ओळखून कापायचं. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी दाखवलं की त्याला आपण पाहिजे तो पत्ता देऊ शकतो, आणि २०२० मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. कॅस९ नावाचं प्रोटीन म्हणजे कात्री, आणि तिच्यासोबत आरएनएचा छोटा तुकडा म्हणजे पत्ता. पत्ता जुळला की कात्री डीएनएचे दोन्ही धागे कापते. पेशी घाईघाईने तो काप शिवते आणि शिवताना एखाददोन अक्षरं इकडची तिकडे होतात. एरवी हा दोष झाला असता, पण आपल्याला ती जागा बिघडवायचीच आहे, त्यामुळे इथे पेशीची गबाळी शिलाईच औषध ठरते. नेमकं बरोबर अक्षर लिहिण्यापेक्षा एखादी जागा बिघडवणं या कात्रीला कितीतरी सोपं जातं, म्हणून चुकलेल्या अक्षराचा नाद सोडून हा आडमार्ग धरला. शिवाय आडमार्गाचा एक मोठा फायदा, सिकलसेल असो की थॅलेसेमियाचे दोनशे प्रकार, औषध एकच चालतं.

हेच औषध म्हणजे कॅसजेव्ही. व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेराप्युटिक्स या कंपन्यांचं. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ ला मान्यता दिली, अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला सिकलसेलसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी. अमेरिकेत मान्यता देताना जो डेटा पाहिला गेला त्यात पुरेसा काळ लक्ष ठेवलेल्या ३१ सिकलसेल पेशंटपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही मोठा क्रायसिस आला नाही, आणि हे सगळे असे लोक होते ज्यांना आधी वर्षाला दोन किंवा जास्त मोठे क्रायसिस यायचे. थॅलेसेमियामध्ये ३५ पैकी ३२ जणांना वर्षभर रक्त चढवावंच लागलं नाही. एरवी मोठ्या माणसात एखाददोन टक्के असलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन सिकलसेलच्या पेशंटमध्ये साधारण ४० टक्क्यांवर गेलं. हे आकडे लिहितानाही मला भरून येतं, कारण दर तीन आठवड्यांनी हातात सुई टोचून घेणाऱ्या माणसासाठी 'वर्षभर नाही' याचा अर्थ काय असेल हे फक्त त्यालाच माहीत.

आता ती उरलेली निम्मी गाठ. कात्री तयार आहे, पत्ता सापडलाय, पण कात्री चालवायची कुठे? तांबड्या पेशींत तर डीएनए नसतोच, आणि त्या चार महिन्यांत संपतात. कापायला लागतात त्या बोन मॅरोमधल्या मूळपेशी, ज्या आयुष्यभर नवीन रक्त बनवत राहतात, सेकंदाला वीस-बावीस लाख तांबड्या पेशी या हिशोबाने. त्या सध्या शरीराच्या बाहेर काढूनच एडिट कराव्या लागतात. म्हणून आधी पेशंटला औषध देऊन मूळपेशी मॅरोमधून रक्तात आणायच्या आणि मशीनने गाळून घ्यायच्या, हे पुरेशा पेशी जमेपर्यंत, कधी कधी दोनतीन वेळा. सिकलसेलमध्ये तर त्यासाठीचं नेहमीचं जी-सीएसएफ औषधही वापरता येत नाही कारण त्यानेच जीवघेणा क्रायसिस येऊ शकतो. मग पेशी लॅबमध्ये जातात, एडिट होतात, तपासल्या जातात, गोठवल्या जातात, यात महिने जातात, सहा महिनेही लागू शकतात.

आणि मग सगळ्यात अवघड भाग. दुरुस्त पेशी परत द्यायच्या तर मॅरोमध्ये जागा पाहिजे, आणि जागा आधीच्या पेशींनी अडवलेली असते. ती रिकामी करायला बुसल्फान नावाची कडक केमो चार दिवस दिली जाते. केस जातात, तोंडभर फोड येतात, घास गिळता येत नाही, पांढऱ्या पेशी शून्याच्या जवळ जातात म्हणून साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं, आणि नवीन पेशी रुजेपर्यंत चार ते सहा आठवडे हॉस्पिटलमध्ये. वर मूल होण्याची क्षमता कायमची जाण्याचा धोका, त्यामुळे आधी अंडी किंवा वीर्य गोठवून ठेवायचा सल्ला देतात. बेस एडिटिंग या जीन एडिटिंगच्या नव्या पद्धतीच्या एका ट्रायलमध्ये एका पेशंटचा फुप्फुसं निकामी होऊन मृत्यू झाला, आणि त्याचं कारण एडिटिंग नसून बहुधा बुसल्फान होतं. लोक क्रिस्परच्या कात्रीला घाबरतात, ती चुकीच्या ठिकाणी कापेल का वगैरे, आणि ती भीती खोटी नाही, अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने २०२३ मध्ये मान्यतेआधी त्यावरच सगळ्यात जास्त चर्चा केली. पण आज पेशंटच्या शरीराला प्रत्यक्षात जो मार बसतो तो जवळजवळ सगळा या केमोचा आहे. ज्याची किडनी किंवा फुप्फुसं आजाराने आधीच थकलीत त्याला ही केमो झेपतच नाही, म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यातलेच बरेच जण बाहेर राहतात.

तुम्ही म्हणाल की हे तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखंच झालं. हो, अगदी तसंच, फक्त पेशी स्वतःच्याच. दुसऱ्याच्या मॅरोचं ट्रान्सप्लांट १९८० च्या दशकापासून दोन्ही आजारांत होतंय आणि सख्ख्या भावाबहिणीचा मॅरो पूर्ण जुळला तर निकाल फार चांगले येतात, पण जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे २५ टक्केच. जीन थेरपीत डोनर शोधावा लागत नाही आणि दुसऱ्याच्या पेशींनी आपल्या शरीरावर हल्ला करण्याची भीती राहत नाही. तरीही घरात पूर्ण जुळणारा डोनर असेल तर आधी त्याचा विचार, असं बरेच डॉक्टर आजही सांगतात, आणि मला ते पटतं.

एडिटिंगच्या आधीपासूनचा दुसरा रस्ता म्हणजे जीन ॲडिशन, चांगल्या जीनची नवी कॉपी घुसवायची. त्यासाठी लेंटिव्हायरस वापरतात, एचआयव्हीच्याच कुळातला, पण आजार करणारा भाग काढून टाकलेला. या रस्त्यावर लोकांनी खूप सोसलंय. २००० च्या आसपास फ्रान्समध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांना जुन्या प्रकारच्या व्हायरसने जीन दिला, मुलं बरी झाली, आणि मग त्यातल्या काहींना रक्ताचा कॅन्सर झाला कारण व्हायरस नको त्या जीनच्या शेजारी जाऊन बसला होता. त्यातून शिकून सुरक्षित व्हायरस बनवले गेले, २००७ मध्ये पॅरिसमध्ये थॅलेसेमियाचाच एक प्रकार असलेल्या एका तरुणाला अशी थेरपी मिळाली आणि त्याचं रक्त चढवणं थांबलं. त्याच वाटेने थॅलेसेमियासाठीचं झिन्टेग्लो आणि सिकलसेलसाठीचं लिफजेनिया आलं, लिफजेनियाला कॅसजेव्हीच्याच दिवशी अमेरिकेत मान्यता मिळाली, मात्र त्यावर रक्ताच्या कॅन्सरच्या धोक्याचा ठळक इशारा आहे कारण आधीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्या काही पेशंटना तो झाला होता. अमेरिकेत आली तेव्हाच्या किमती कॅसजेव्ही २२ लाख डॉलर, झिन्टेग्लो २८ लाख, लिफजेनिया ३१ लाख. सिकलसेलचे सगळ्यात जास्त पेशंट आफ्रिकेत आहेत. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

हिमोफिलियाचं गणित वेगळं आहे. तिथे रक्त गोठवणारं फॅक्टर ८ किंवा फॅक्टर ९ हे प्रोटीन कमी असतं, जीन एक्स क्रोमोसोमवर, म्हणून बहुतेक मुलग्यांनाच होतो. फॅक्टर लिव्हर बनवतं, त्यामुळे मॅरो रिकामा करायची भानगड नाही, एएव्ही नावाचा निरुपद्रवी व्हायरस सलाइनसारखा एकदाच द्यायचा आणि तो जीन लिव्हरमध्ये पोचवतो. हेमजेनिक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये फॅक्टर ९ साठी आलं, त्यात इटलीतल्या एका कुटुंबात सापडलेला जास्त जोरदार फॅक्टर ९ वापरलाय. फॅक्टर ८ चा जीन मात्र इतका मोठा की व्हायरसमध्ये मावेना, मधला भाग छाटून बसवला तेव्हा रोक्टाव्हियन झालं, आणि त्याचा परिणाम वर्षागणिक उतरत जातो असं दिसलंय. याचं एक कारण असं मानतात की हा जीन बहुतेक करून डीएनएमध्ये शिवला जात नाही, सुटाच राहतो, पेशी विभागल्या गेल्या की विरळ होतो, आणि दुसरा डोस देता येत नाही कारण शरीर एव्हाना त्या व्हायरसला ओळखायला लागलेलं असतं. यावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अलोक श्रीवास्तव यांच्या टीमने वेगळीच वाट धरली, फॅक्टर ८ चा जीन लेंटिव्हायरसने मूळपेशींत बसवला, आणि ज्या ५ जणांना दिला त्यांचा रक्तस्राव थांबल्याचं २०२४ च्या अखेरीला प्रसिद्ध झालं. इथेही केमो आहेच, पण जीन कायमचा शिवलेला.

पुढे काय चाललंय? बेस एडिटिंग, डेव्हिड लिऊ यांच्या लॅबमधून २०१६ मध्ये आलेली पद्धत, त्यात दोन्ही धागे एकदम न कापता एका अक्षराचं दुसरं अक्षर करता येतं. गंमत म्हणजे सिकलसेलच्या टी चं परत ए करणं तिलाही जमत नाही, पण त्याच्या समोरच्या अक्षरावर काम करून मकासर नावाचा एक नैसर्गिक, निरुपद्रवी प्रकार बनवता येतो, आणि २०२१ मध्ये उंदरांमध्ये तो बनवून दाखवलाय. माझं लक्ष मात्र त्या जागा रिकामी करण्याच्या प्रश्नाकडे आहे. फक्त मॅरोच्या मूळपेशींना ओळखून हटवणाऱ्या अँटिबॉडीवर काम चालू आहे, म्हणजे केमोने सगळं शरीर भाजून काढावं लागणार नाही. आणि त्याहून पुढे, एडिट करणारं सामान चरबीच्या अतिबारीक थेंबांत भरून सरळ रक्तात टोचायचं, थेंबांवर मूळपेशींचा पत्ता लावलेला, म्हणजे पेशी बाहेर काढायला नकोत, केमो नको, महिनाभर हॉस्पिटल नको. २०२३ मध्ये उंदरांमध्ये हे करून दाखवलं गेलंय, माणसात मॅरोपर्यंत पुरेसं सामान पोचवणं अजून कठीण आहे, थेंब वाटेत लिव्हरमध्येच अडकतात. हे जमलं तर साध्या दवाखान्यातही उपचार होऊ शकतील, आणि मला आशा या एकाच गोष्टीची सगळ्यात जास्त आहे.

एक गोष्ट खूप जण विचारतात, की थेरपी झाली म्हणजे मुलांनाही आजार होणार नाही ना. तसं नाही. फक्त रक्ताच्या मूळपेशी बदलतात, अंडी आणि वीर्यात जुनाच जीन राहतो. त्यामुळे बरा झालेला पेशंटही मुलांना जीन देतोच, आणि जोडीदाराची टेस्ट तेवढीच गरजेची. गर्भातच बदल करणं ही निराळी गोष्ट, २०१८ मध्ये चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञांनी तसं केल्याचं जाहीर केलं तेव्हा जगभर निषेध झाला आणि त्यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. त्याचा आणि या औषधांचा संबंध जोडू नका.

ट्रायलमध्ये थेरपी घेतलेल्या पेशंटवर १५ वर्षं लक्ष ठेवायचं ठरलंय. पहिल्या काही जणांना डोस मिळाला तो २०१९ मध्ये, म्हणजे त्यांच्या तपासण्या २०३४ पर्यंत चालतील, आणि कापलेली जागा म्हातारपणाकडे जाताना कशी वागते ते त्यांच्याच रक्तातून कळणार आहे.